धायटीची न धुतलेली फुलं

मी कादर. हिंगोलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं काचा धुऊन राहिलो. हुद्दा लॅब अटेंडंट. राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकतो. कुणी चपला घालून लॅबमध्ये आलं की मी प्राध्यापक बघत न्हाई की प्राचार्य, सरळ दाराकडं बोट दाखवतो. मधल्या पांढऱ्या टाइल्सच्या टेबलावर कुणी डबा ठेवला तर त्याचा डबा आणि त्याची इज्जत दोन्ही बाहेर जातात. पोरं मला मागून ‘फडकं’ म्हणतात. म्हणू द्या. फडकं आहे म्हणून त्यांचे प्रयोग बराबर येतात.

पण आज मी माझं सांगायला बसलो न्हाई. आज नानीबाईचं सांगायचंय. पुसेगावपासून साखऱ्याकडं जाताना आत टेकड्यांच्या कुशीत एक तांडा आहे, तिथली ही बाई. वय बहात्तरच्या आसपास, बराबर कुणालाच ठाऊक न्हाई. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि हिला सगळा तांडाच याडी म्हणतो. मी मावशी म्हणतो, कारण मी तिला दहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो.

माझे अब्बा पुसेगावला बैलगाडी हाकायचे. दगड, कडबा, बाजाराचा माल, जे मिळेल ते वाहायचे. एका साली जू घासून घासून आमच्या कबऱ्या बैलाचा खांदा फुटला. पू वाहायला लागला, माश्या बसायला लागल्या. कुणी राख लावा म्हणे, कुणी ऑइल लावा म्हणे. अब्बांनी सगळं लावून पाहिलं आणि बैल आणखीच लोळागोळा झाला. मग कुणीतरी म्हणालं, तांड्यावर रतनसिंगची बायको आहे, तिला दाखव. आमी बैल चालवत नेला. नानीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. तिनं आधी अब्बांना झाडलं. “मुक्या जनावरावर ऑइल काहून ओतलं? तुमच्या अंगावर ओतू का?” मग तिनं मडक्यातलं लाल-तपकिरी पाणी आणलं, खांदा धुतला, आणि रोज दोनदा असं धुवायचं म्हणून सांगितलं. तेराव्या दिवशी खपली धरली. महिन्यानं कबरा पुन्हा जुवाखाली उभा राहिला.

ते पाणी धायटीच्या फुलांचं. आमच्याकडं ओढ्याच्या काठानं, टेकडीच्या उतारावर धायटीची झुडपं असतात. माघ-फाल्गुनात लाल लाल नळ्यांसारखी बारीक फुलं येतात, लेकरं तोडून मध चोखतात. तांड्यातले लोक मागच्या काळात बैलांचे तांडे हाकत मुलूखभर मीठ-धान्य वाहायचे, त्याला ते लदेणी म्हणतात. हजार बैल म्हणजे हजार खांदे, आणि खांदा फुटला की माल रस्त्यात पडला. तवापासून ही विद्या बाईमाणसांच्या हातातून हातात आली. नानीबाईला तिच्या सासूनं दिली. बैल गेले, ट्रक आले, पण जखमा कुठं गेल्या? खांद्याच्या जागी लेकरांचे फोड आले, हळदीच्या कढईवर पोळलेले हात आले, भेगा पडून चिघळलेले पाय आले.

एक गोष्ट मला तिची फार आवडायची. जे तिच्या हातातलं न्हाई ते ती धरून ठेवायची न्हाई. साप चावला, हाड मोडलं, ताप डोक्यात गेला, की म्हणायची, “माझ्या दारात काहून उभे? जीप बोलवा, दवाखान्यात जा!” साखरेच्या रोग्याचा पाय काळा पडलेला दिसला की हातही लावायची न्हाई, शिव्या देऊन हिंगोलीला पाठवायची. आणि घेणं म्हणाल तर काही न्हाई. कुणी नारळ ठेवला तर तोही सेवालाल महाराजांच्या देवळात.

तिचा पोरगा प्रेमदास ट्रॅक्टर चालवतो. त्याची पोरगी निलम. ही निलम आमच्या कॉलेजात एमएस्सीला आली, तांड्यातली पहिली. बुटकीशी, बोलायला कमी, पण हात असा स्थिर की पिपेटमधून थेंब मोजून पडावा. पहिल्याच दिवशी दाराबाहेर चपला काढून आत आली. मी म्हणालो, चला, एक तरी माणूस आलं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. निलमनं तिला शिकवणाऱ्या आमच्या विभागाच्या मॅडमना सांगितलं, “मला धायटीच्या फुलांवर करायचंय. आमच्या याडीच्या.” मॅडम कडक पण सरळ बाई. म्हणाल्या, “धायटीवर जगभर काम झालंय निलम. तुझ्या आजीच्या फुलात काय वेगळं?” निलम म्हणाली, “ते मला ठाऊक न्हाई मॅडम. पण आमच्या याडीची करायची एक रीत आहे. ती रीत खरी का खोटी एवढंच पाह्यचंय.” मॅडमना हे आवडलं. म्हणाल्या, “कर. पण जे येईल तेच लिहायचं. आजीसाठी आकडा वाढवायचा नाही.”

निलमनं हे तांड्यावर जाऊन सांगितलं. तिथं गंमत झाली. दिपक म्हणून एक पोरगा आहे, सेनगावला औषधाच्या दुकानात कामाला. तो चारचौघांत म्हणाला, “याडीचं पाणी म्हणजे नुसतं लाल पाणी. जखम आपोआप बरी होते अन् नाव हिचं होतं. बघा आता कॉलेजात काय निघतं ते.” सगळे हसले. नानीबाई हसली न्हाई. तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि देवळासमोर उभी राहून म्हणाली, “निघू दे. खोटं निघालं तर त्या दिवसापासून मी कुणाच्या जखमेला हात लावणार न्हाई. सेवालाल बापूची आण.”

बाईनं आण घेतली. झालं! आता निलमच्या प्रकल्पाच्या मागं नुसते मार्क उरले न्हाईत. बाईचे पन्नास वर्षांचे हात त्या काचेच्या ताटलीत अडकले.

मार्चमध्ये फुलं आली. प्रेमदास स्वतः घेऊन आला, कोऱ्या पांढऱ्या कापडात बांधून, वर लाल दोरा. मी गाठ सोडली आणि खरं सांगतो, खूश झालो. एक काडी न्हाई, एक पान न्हाई, धुळीचा कण न्हाई. फिकट गुलाबी, स्वच्छ, कडक वाळलेली. मी म्हणालो, “प्रेमदासभाऊ, अशी साफ चीज अठ्ठावीस वर्षांत या लॅबमध्ये आली न्हाई.” तो माणूस फुलून गेला. म्हणाला, “सगळ्या तांड्यानं मेहनत केली, कादरभाई. कॉलेजात जायची होती ना!”

आता प्रयोग कसा असतो ते साध्या शब्दांत सांगतो. फुलांची पूड करायची, स्पिरिटात आणि पाण्यात वेगवेगळी भिजवायची, गाळायची, आटवायची. जो अर्क उरतो तो तपासायचा. एक तपासणी जांभळ्या पाण्याची. त्या पाण्यात अर्काचे थेंब टाकायचे. अर्कात दम असला, म्हणजे शरीरातली झीज अडवणारे घटक असले, तर जांभळं पाणी पिवळं पडतं. त्यालाच पोरं अँटिऑक्सिडंट म्हणतात. दुसरी तपासणी ताटलीची. काचेच्या ताटलीत खिरीसारखं घट्ट खाद्य ओतायचं, त्यावर पू करणारे जंतू पसरवायचे, मध्ये बारीक भोकं पाडून त्यात अर्क भरायचा, आणि ताटली रात्रभर उबेच्या पेटीत ठेवायची. सकाळी सगळीकडं जंतूंची साय धरते. अर्कानं जंतू मारले असतील तर भोकाभोवती स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं. जेवढं मोठं वर्तुळ तेवढा अर्क जोरदार.

निलमनं जांभळ्या पाण्यात थेंब टाकले. पाणी जांभळंच राहिलं. थोडं फिकट झालं म्हणा, पण पिवळं काही झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटल्या काढल्या. ज्या भोकात बाजारातलं जंतुनाशक औषध होतं त्याभोवती सव्वीस मिलिमीटरचं वर्तुळ, झक्क. धायटीच्या भोकाभोवती साय कडेपर्यंत आलेली. तीनदा केलं, तीनदा तेच. निलम ताटली उजेडात धरून उभी राहिली ती उभीच. रडली न्हाई. फक्त म्हणाली, “चाचा, मी याडीला काय सांगू?”

मॅडमनी पाहिलं, पुन्हा तपासलं. म्हणाल्या, “निलम, असं होतं. पुस्तकात धायटी चांगली आहे, तुझ्या नमुन्यात दिसत नाही. हेच लिही, नाहीतर विषय बदल. महिनाभर वेळ आहे.” खोटं बोलल्या न्हाईत, वाईट बोलल्या न्हाईत. पण माझ्या डोळ्यांसमोर कबरा बैल उभा राहिला. तेरा दिवसांत खपली धरलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. मग हे काय झालं?

त्या दिवशी संध्याकाळी मी भांडी धुवायला बसलो. आता ऐका, इथं माझं काम येतं. अठ्ठावीस वर्षांत पोरांनी हिरडा आणला, बाभळीची साल आणली, डाळिंबाची सालं आणली. असल्या तुरट चिजा काचेला असा तपकिरी डाग धरतात की जाता जात न्हाई. हिरड्याची एक बरणी मी तीन दिवस ऍसिडात घातली होती आणि त्या पोराला तीन दिवस शिव्या घातल्या होत्या. धायटी बी तुरट. चाखून पाहा, जीभ आखडते. तर मी निलमची बरणी घेतली, नळाखाली धरली, ब्रश एकदा फिरवला, आणि बरणी लख्ख! एका पाण्यात!

मी तसाच ओल्या हातानं मॅडमच्या खोलीत गेलो. “मॅडम, या फुलात तुरटपणाच न्हाई. काच साफ निघाली.”

मॅडम चष्म्यावरून बघायला लागल्या. “म्हणजे?”

“म्हणजे फुलाचा रस आमच्याकडं यायच्या आधीच कुठंतरी गेला. ही फुलं पाण्यातून निघालीत.”

मॅडमनी लगेच निलमला बोलावलं. “तुमच्याकडे फुलं धुतात का?” निलमचा चेहरा पडला. म्हणाली, “याडी कधीच धुत न्हाई मॅडम. पण मी फोनवर सांगितलं होतं, लॅबमध्ये धूळ चालत न्हाई, स्वच्छ पाठवा.”

रविवारी मी आणि निलम सेनगावच्या बसनं पुसेगावपर्यंत गेलो, तिथून प्रेमदासच्या ट्रॅक्टरवर. वाटेत हळद शिजवून राहिले होते, सगळा शिवार त्या वासानं भरलेला. धायटीची झुडपं मात्र ओकीबोकी झालेली. फुलांचा हंगाम सरला होता, म्हणजे नवी फुलं आणायची म्हणाल तर सालभर थांबा.

तांड्यावर पोचलो तर नानीबाईच्या दारात केशरबाई म्हणून शेजारीण नातीला कडेवर घेऊन उभी. लेकराच्या मांडीवर फोड पिकलेला. नानीबाई आतून म्हणून राहिली, “न्हाई म्हणलं ना. हिंगोलीला न्या.” केशरबाई विनवून राहिली आणि ही जागची हलत न्हाई. कॉलेजातली बातमी तिच्यापर्यंत आमच्या आधी पोचली होती. प्रेमदासच बोलला असणार. आण घेतली होती, ती पाळायला लागली होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं, आणि निलमच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “तुझा काही कसूर न्हाई, पोरी. दिपक बराबर बोलला.”

मला राग आला. “मावशी, तुमी फुलं धुतली का न्हाई तेवढं सांगा!”

ती म्हणाली, “धुतली.”

“कितीदा?”

“तीनदा. हौदावर. मग नव्या सभामंडपाच्या स्लॅबवर कडक उन्हात टाकली. रंग पाण्यात गेला ते दिसलं मला. लाल पाणी नालीतून वाहून गेलं. पण साफ झाली ना.”

“आणि दरसाल काय करता?”

“दरसाल दव वाळल्यावर तोडायची. धुवायची न्हाई. घरात खाटेवर सावलीत पसरायची. मग गाठोडं करून आढ्याला.” तिनं वर बोट केलं. आढ्याला एक काळपट गाठोडं लटकलेलं, धुरानं मळलेलं, वर जाळं धरलेलं. या सालचीच फुलं, तिच्या स्वतःच्या कामाची.

निलम टुणकन उठली. “याडी, ते दे!”

“ते न्हाई.” नानीबाईचा आवाज एकदम चढला. “ते कॉलेजात न्यायचं न्हाई! त्यात पालापाचोळा आहे, मुंग्या आहेत. ते पाहून लोक काय म्हणतील? तांड्याची माणसं घाण ती घाणच. औषध खोटं निघालं तर निघू दे. मला खोटी म्हणू दे. माझ्या पोरीला कुणी घाण म्हणायचं न्हाई.”

मी बावचळलो. ज्या बाईनं कधी कुणाचं ऐकून घेतलं न्हाई, तिच्या तोंडून हे! मग तिनं हळूहळू सांगितलं. प्रेमदासला पहिलीत घालायला ती चार कोस चालत एका गावच्या शाळेत घेऊन गेली होती. अंघोळ घालून, तेल लावून, नवा सदरा घालून. मास्तर म्हणाला, याला धुऊन आण. ती ओढ्यावर गेली, धुऊन आणलं. मास्तर म्हणाला, अजून न्हाई झालं. पुन्हा नेलं, वाळूनं घासलं, पोराची कातडी लाल झाली, पोरगं ओरडून राहिलं. तिसऱ्यांदा आणलं तवा मास्तरनं दाराबाहेर बसवून घेतलं. “तीनदा धुतला मी त्याला,” ती म्हणाली, “तवा कुठं शाळेत घेतला.”

मला रडू आलं की मी ओरडतो, ही माझी जुनी खोड. मी ओरडलोच. “मावशी, तुमी त्या मास्तरला अजून धुऊनच दाखवून राहिल्या का? तो कधीचा मरून गेला असंल! माझं ऐका. मी अठ्ठावीस वर्षं धुण्याचंच खाऊन राहिलो. धुण्यातलं मला कुणी शिकवू नये. काच धुवावी, हात धुवावा, जखम धुवावी. दवा धुतली तर उरलं काय? धूळ, पाला, मुंगी, सगळं गाळायला आमच्याकडं कागद आहे. पण नालीतून गेलेलं परत आणायला आमच्याकडं काहीच न्हाई!”

निलम म्हणाली, “याडी, मला तिथं कुणी घाण म्हणत न्हाई. आणि म्हणलं तर मी ऐकून घेत न्हाई. मी तुझी नात आहे.”

नानीबाई नातीकडं लई वेळ बघत राहिली. मग खाटेवर चढली, गाठोडं काढलं आणि त्यातली अर्धी फुलं एका पिशवीत भरली. पिशवी मला देताना म्हणाली, “कादर, बसमध्ये तुझ्या थैलीत खाली ठेव. कुणाला दिसू देऊ नको.” मी ठेवली. एवढं तरी तिचं ऐकायला पाहिजे होतं.

या वेळी मॅडमनी खबरदारी घेतली. म्हणाल्या, “कादर, तुम्ही बरण्यांवर फक्त अक्षरं घाला. कोणती धुतलेली, कोणती न धुतलेली, ते मला आणि निलमला ठाऊक नको. मनात ओढ असली की डोळा चुकतो.” भिजवणं-गाळणंही या वेळी मीच केलं, ‘क’ आणि ‘ख’ लिहिलं आणि चिठ्ठी घडी घालून कपाटात कुलपात ठेवली. दोन दिवस पोरगी ‘चाचा’ म्हणून माझ्याकडं बघायची आणि मी भिंतीकडं बघायचो. वर ‘ख’ची बरणी तर काळीकुट्ट दिसत होती, ते बघून अक्षरं घालण्यात काय अर्थ, असं मला वाटलं. पण मॅडमनी त्याचीही तोड काढली, दोन्ही बरण्या काळ्या कागदात गुंडाळायला लावल्या.

जांभळं पाणी मांडलं. ‘क’चे थेंब पडले, जांभळं ते जांभळंच. ‘ख’चे थेंब पडले आणि बघता बघता पाणी पिवळं धमक झालं. यंत्रावर आकडा यायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, “अगं!” एवढंच. मॅडमच्या तोंडून ‘अगं’ मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी नऊला यायचा तो साडेसातला आलो. निलम दारात आधीच बसलेली. मॅडम आल्यावर उबेची पेटी उघडली. ‘ख’च्या तीन ताटल्या, तिन्हींत भोकाभोवती गोल, स्वच्छ, काठ असा रेखीव. निलमनं पट्टी लावली. एकोणीस, एकोणीस, अठरा. दुकानातल्या औषधाचं सव्वीस. ‘क’ची ताटली सायीनं भरलेली. मॅडम म्हणाल्या, “चिठ्ठी काढा.” मी काढली. ‘ख’ म्हणजे न धुतलेली, सावलीत वाळवलेली.

निलम तेव्हा रडली. मी ओरडलो, “ताटलीवर पाणी पाडू नको!” आणि बाहेर जाऊन मीही डोळे पुसले.

मॅडमनी एक गोष्ट पक्की सांगितली, ती सांगायलाच पाहिजे. “ताटलीतला जंतू मरणं आणि माणसाची जखम भरणं यात फार अंतर आहे. एवढ्यावर औषध सिद्ध झालं असं लिहायचं नाही. एवढंच लिहायचं की या रीतीनं वाळवलेल्या फुलात गुण टिकतो आणि धुऊन उन्हात वाळवली की जातो.” निलमनं तेवढंच लिहिलं. नानीबाईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “बराबर बोलल्या बाई. मी तरी कुठं म्हणते की सापाचं विष उतरतं?” त्याच संध्याकाळी तिनं केशरबाईच्या नातीचा फोड धुतला. आण सुटली होती.

पण खरी गोष्ट मे महिन्यातली. तोंडी परीक्षेला नांदेडहून परीक्षक आले होते, पांढरा शर्ट, बोलणं तोलून मापून. निलमनं नानीबाईला बोलावलं होतं. बाई आली ती आपल्या पूर्ण पोशाखात. कांचळी म्हणजे आरशाची चोळी, फेटिया म्हणजे घेरदार लाल घागरा, हातात कोपरापर्यंत बांगड्या. प्रेमदास मागं. दारात तिनं चपला काढल्या आणि नळाकडं निघाली. पाय धुवायला. मी आडवा झालो. “मावशी, आत चला.” ती माझ्याकडं बघून थोडी हसली आणि तशीच आत आली.

निलमनं सगळं सांगितलं, न अडखळता. ताटल्यांचे फोटो दाखवले. परीक्षक म्हणाले, “पहिला नमुना अयशस्वी झाला, तो प्रबंधात कशाला ठेवला? सरळ दुसराच मांडायचा.” निलम उत्तर देणार तेवढ्यात नानीबाई मागून बोलली, “ठेवा साहेब. तोही माझाच. ती चूक मी केली. लिहिली न्हाई तर उद्या दुसरी कुणी करंल.”

लॅबमध्ये सगळे वळून बघायला लागले. परीक्षक खुर्चीतून उठले. “तुम्हीच त्या नानीबाई? फुलं कशी ठेवता तुम्ही, ते पाहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.”

“आणलीत,” ती म्हणाली.

मला वाटलं, पिशवीत असतील, झाकून. न्हाई. प्रेमदासच्या हातात तेच आढ्याचं गाठोडं होतं. धुरानं मळलेलं, सगळ्यांना दिसेल असं. हिंगोलीच्या स्टँडपासून कॉलेजापर्यंत त्यानं ते खांद्यावर मिरवत आणलं होतं. नानीबाईनं ते घेतलं, सरळ माझ्या पांढऱ्या टाइल्सच्या टेबलाशी गेली, गाठ सोडली आणि उरलेली सगळी फुलं ओतली. काळपट लाल ढीग. त्यातून वाळकी पानं निघाली, काड्या निघाल्या, धूळ उडाली, दोन मुंग्या टाइलवरून चालायला लागल्या.

परीक्षकांनी चिमूटभर उचललं, वास घेतला, जिभेवर ठेवलं आणि तोंड आखडून हसले. “साफ केलेली नाहीत का?”

नानीबाई सरळ उभी राहिली. आवाज असा की बाहेर व्हरांड्यातली पोरं आत डोकावली.

“न्हाई साहेब. आमी धुत न्हाई.”

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर धूळ पडली, आणि कादर फडकं घेऊन धावला न्हाई.